गोळ्या कोण देणार

मंगळवारी शेवंतीचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. रविवारी सकाळी कुशाबाने नेहमीप्रमाणे तिच्या हातावर गोळ्या ठेवल्या, पण त्या नेहमीच्या गोळ्या नव्हत्या. एक कॅल्शियमची आणि एक शक्तीची, बस्स. शेवंतीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायली आणि भांडं परत देताना म्हणाली की आज अंग जरा जास्तच जड वाटतंय.

"थंडी आहे," कुशाबा म्हणाला.

थंडी होतीच. संक्रांत तोंडावर आली होती आणि काळाचौकीच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सकाळी फरशीवर पाय ठेवायला नको वाटायचं. पण शेवंतीचं अंग थंडीने जड झालेलं नाही, हे कुशाबाला पुरतं ठाऊक होतं. भांडं मोरीत ठेवायच्या निमित्ताने त्याने तिच्याकडे पाठ केली.

हा संधिवात शेवंतीच्या अंगात शिरला तेव्हा त्यांची दर्शना दहावीत होती. आधी बोटं धरली, मग मनगटं, आणि हळूहळू गुडघे असे वाकले की गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासापर्यंत जायचं म्हणजे मुलाने, धनेशने, नाहीतर सूनबाई रंजिताने धरून न्यायचं. बोटं वाकडी झाली तशी तिला गोळ्यांची पाकिटं फोडता येईनात. तेव्हापासून ते काम कुशाबाने घेतलं. गिरणी बंद पडल्यावर त्याने दादरच्या एका दुकानात शाळेचे गणवेश कापण्यात उरलेली नोकरी काढली होती, कात्री हातात बसलेली. कात्रीने पाकीट कापायचं, गोळी तिच्या तळहातावर ठेवायची. स्वतःचा चहाचा कप कधी उचलून न ठेवणारा माणूस, पण शेवंतीची औषधं त्याने दुसऱ्या कुणाला देऊ दिली नाहीत. रोज नाश्त्यानंतर स्टेरॉइडची बारकी पांढरी गोळी, रविवारी पिवळ्या गोळ्या, आणि अलीकडे दर पंधरवड्याला पोटात टोचायचं इंजेक्शन.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा संधिवाताच्या डॉक्टर, मुणगेकर मॅडम, सगळ्यांना समोर बसवून बोलल्या होत्या. इंजेक्शन आता घ्यायचं नाही, कारण त्याने अंगाची जंतूंशी झगडायची ताकद कमी होते आणि नव्या गुडघ्याच्या जखमेत पू होण्याची भीती असते. रविवारच्या गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. आणि पांढरी गोळी काही झालं तरी थांबवायची नाही, ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर द्यायची. धनेशने मान डोलावली, रंजिताने मान डोलावली. कुशाबानेही डोलावली. मग घरी आल्यावर कुणी पुन्हा विचारलं नाही. औषधं बाबा बघतात, हे त्या घरात ठरलेलंच होतं.

पण मॅडमनी 'पू' म्हटल्यापासून कुशाबाच्या डोळ्यांसमोर विहीणबाईंचा पाय उभा राहिला होता.

रखमा, म्हणजे रंजिताची आई, वरळी कोळीवाड्यात राहायची आणि अजूनही टोपली घेऊन बाजारात बसायची. काही वर्षांपूर्वी तिचा गुडघा बदलला आणि त्यात पू झाला. पुन्हा उघडला, धुतला, पुन्हा शिवला, आणि शेवटी पाय वाचला तो काठीसारखा ताठ होऊन. तेव्हा कुशाबा तिला बघायला गेला असताना नेमकी पट्टी बदलत होते. तो वास नाकात घेऊन तो घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

त्याने मनाशी हिशोब मांडला. मॅडम पूर्वी एकदा म्हणाल्या होत्या की या आजारात अंगातले राखणदारच घरच्यांवर उलटतात, आणि ही सगळी औषधं त्या राखणदारांना गुंगीत ठेवतात. मग इंजेक्शन तेवढं वाईट आणि गोळ्या चांगल्या, हे कसं? सगळी एकाच घरातली. सुरी लागायच्या आधी शेवंतीचं अंग औषधातून पार मोकळं झालेलं बरं. विचारलं तर सगळे नाही म्हणतील, म्हणून त्याने विचारलं नाही. एके सकाळी पांढरी गोळी पाकिटातच राहू दिली. मग दुसऱ्या सकाळीही. मधला रविवार आला, तेव्हा पिवळ्याही राहू दिल्या.

शेवंती दिवसेंदिवस मिटत चालली होती, ते त्याला दिसत होतं. जेवण जाईना, उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तो स्वतःला सांगत राहिला की मंगळवारपर्यंतच, मंगळवारनंतर सगळं ठीक होईल.

साडेनऊच्या सुमाराला घोडपदेवहून कांता आली, हातात नारळ घेऊन. कांता कुशाबाची धाकटी बहीण. धनेशने कोळ्यांची मुलगी करून आणली तेव्हापासून ती या घरी गणपतीला यायची, पण पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. लग्नाच्या वेळी दर्शनाही आत्याच्या बाजूने होती, रंजिताशी बोलायची नाही, आणि तो अबोला पुढे सुटला तरी नणंद-भावजयीत कामापुरतंच बोलणं राहिलं होतं. आज दर्शनाही आली होती. जाण्याआधी गावच्या देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांनी शेवंतीला भेटायचं, असं ठरलं होतं.

कांताला हे ऑपरेशन पहिल्यापासून मान्य नव्हतं. तिचं म्हणणं, वाकलेल्या पायांनी का होईना, वहिनी आहे ना आपल्यात. हे सगळं रंजिताने डोक्यात भरवलंय, असंही ती बाहेर बोलली होती आणि ते रंजिताच्या कानावर आलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. सर्जनकडे पहिल्यांदा रंजिताच घेऊन गेली होती, कारण सासूला संडासात उकिडवं बसवताना रोज जे हाल व्हायचे ते तिने बघितले होते. बाकीच्यांनी ते नुसते ऐकले होते.

कुशाबा देवीच्या तसबिरीपुढे हात जोडून उभा राहिला. गाऱ्हाणं घालण्यात तो तरबेज. चाळीत कुणाचंही कार्य असलं की त्याला बोलवायचे.

"बा देवी महाराजा," त्याने सुरुवात केली, "आज ही तुझी लेकरा तुझ्यासमोर उभी आसत..."

"व्हय महाराजा," कांता म्हणाली. धनेशनेही साथ दिली.

"मंगळवारी शेवंतीचा ऑपरेशन आसा. जी काय औषधा, जे काय उपाय आम्ही केलव, त्येका यश..."

आणि तिथे त्याचा शब्द अडला. देवीच्या कपाळावरचं कुंकू त्याच्याकडे रोखून बघतंय असं त्याला वाटलं. सगळे 'व्हय महाराजा' म्हणायला थांबले होते. तो घसा खाकरून पुन्हा सुरू करणार, एवढ्यात मागे शेवंती नारळाला हात लावण्यासाठी खाटेवरून उठू लागली. अर्धवट उठली आणि तशीच मागे कलंडली. रंजिताने धावत जाऊन धरलं म्हणून डोकं भिंतीवर आपटलं नाही. मग तिला उलटी झाली. कपाळाला हात लावला तर घामाने गार.

गाऱ्हाणं तिथेच राहिलं.

शेवंतीला कुशीवर वळवून झोपवलं. रंजिता ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत होती आणि पुसता पुसता थांबली. मनगट हातात घेऊन तिने विचारलं की आईंचे सांधे एवढे कधी सुजले, गेल्या महिन्यात तर असे नव्हते.

"इंजेक्शन चुकवलंय ना," धनेश म्हणाला. "मॅडम म्हणाल्या होत्या, थोडं दुखेल."

कुशाबाने ते ऐकलं. लपायला जागा आयतीच मिळाली होती. धनेशच्या बोलण्याला नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्याने मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

तोवर कांताने ताबा घेतला होता. देवीने गाऱ्हाणं अर्ध्यात तोडलं, याहून स्पष्ट कौल कुठला हवा, असं ती म्हणत होती. दर्शना देवाधर्मात फारशी पडणारी नव्हती, पण तिचंही तेच म्हणणं झालं. उभं राहता येत नाही अशा बाईला टेबलावर कसं न्यायचं, सर्जनला फोन करून ऑपरेशन रद्द करा. धनेश एकदा बहिणीकडे बघायचा, एकदा बायकोकडे. रंजिता म्हणाली, रद्द नंतर करू, आधी आईंना हे कशामुळे होतंय ते तर कळू दे.

दारात काठीचा आवाज झाला. रखमा आली होती, ताठ पाय एका बाजूने ओढत, हातात पिशवी. जिन्याने तिचा दम काढला होता. तिला बघितलं आणि कांताला बोलायला मुद्दाच मिळाला.

"ह्या बघा," ती म्हणाली. "ह्यांचा पाय बघा नि मग ठरवा. असा व्हया आमच्या वहिनीक?"

रंजिताचा चेहरा उतरला. रखमा मात्र रागावली नाही. तिने पिशवी खाली ठेवली, खुर्चीत बसून ताठ पाय पुढे पसरला आणि आधी शेवंतीकडे नीट बघून घेतलं.

"माजा पाय ऑपरेशननी नाय बिगडला, बाय," ती म्हणाली. "टाचेत काटा घुसला व्हता, सुरमईचा. पिकलेला. मना वाटलं, टाच वेगली, गुडगा वेगला, डाक्टरला काय सांगायचं? सांगितलंच नाय. त्यात शुगर. तो पू रक्तातून वर चढला."

कुशाबा भिंतीला टेकून उभा होता. त्याने विचारलं, "आणि औषधं? तुम्ही संधिवाताची औषधं घेत होतात ना?"

"मी? मना कुठं संधिवात हाय, व्याही. माजी ती झीज. तसली गोली मी आयुष्यात नाय खाल्ली."

हे रखमाच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. रंजितालाही माहीत होतं. कुशाबाने कधी विचारलं नव्हतं. ज्या पायाला भिऊन त्याने शेवंतीची औषधं तोडली होती, त्या पायाचा आणि शेवंतीच्या गोळ्यांचा काडीचा संबंध नव्हता. तो ट्रंकेवर बसला.

"गोळ्या मी बंद केल्या," तो म्हणाला.

कुणाला नीट कळलं नाही. दर्शनाने विचारलं, कुठल्या गोळ्या?

"सगळ्या. पांढरीसुद्धा. कॅल्शियम देत होतो."

कुशाबाची नजर जमिनीवर होती, त्यामुळे कुणाच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला दिसलं नाही. दर्शनाचा आवाज तेवढा ऐकू आला. ती ओरडली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. ती म्हणाली, "बाबा, ती तुमच्यावर विसंबून डोळे मिटून गिळायची."

रंजिता एव्हाना मॅडमना फोन लावून बसली होती. तिने काय झालं ते सरळ सांगितलं, लपवाछपवी नाही की सासऱ्यावर ठपका नाही. मॅडमनी विचारलं, पांढरी गोळी थांबून किती दिवस झाले, उलटी झाली का, चक्कर येते का. मग म्हणाल्या, थांबू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात आणा, आणि आल्या आल्या पहिली गोष्ट हीच सांगा की वर्षानुवर्षांचं स्टेरॉइड अचानक बंद झालंय.

धनेशने आणि शेजारच्या अजितने शेवंतीला खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. टॅक्सीत कुशाबा पुढे बसला, धनेश आणि दर्शना मागच्या टॅक्सीत. मागे शेवंतीचं डोकं कांताच्या मांडीवर होतं आणि पाय रंजिताच्या. लालबागच्या पुलापाशी कांता हलकेच म्हणाली, "रंजिता, तिच्या पायांवर शाल घाल गं." इतक्या वर्षांत तिने सुनेचं नाव घेतल्याचं कुशाबाने पहिल्यांदाच ऐकलं.

परळच्या हॉस्पिटलात तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, काय झालं. धनेश सांगायला पुढे झाला. कुशाबाने त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं आणि स्वतः सांगितलं, अगदी मॅडमनी सांगितलं होतं तसं. डॉक्टरने ते ऐकलं, ब्लडप्रेशर बघितलं, आणि मग तिथे हालचाल सुरू झाली. सलाईन लागलं, शिरेतून इंजेक्शन गेलं, रक्त तपासायला नेलं. कुशाबा पडद्याबाहेर उभा राहिला. आपण मोकळेपणाने बोललो म्हणून तिला काय द्यायचं हे त्यांना लगेच कळलं, एवढं त्याच्या लक्षात आलं. त्याने समाधान वाटलं नाही, पण श्वास जरा पुरा आत गेला.

दुपार कलायच्या आत शेवंतीने डोळे उघडले. छताकडे बघितलं, मग भोवतीच्यांकडे, आणि चहा मागितला.

सोमवारी सकाळी मुणगेकर मॅडम आल्या. कुशाबा शिव्या खायच्या तयारीने उभा होता. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. पांढऱ्या गोळीत जे असतं, ते शरीर एरवी स्वतः बनवतं, त्या म्हणाल्या. इतकी वर्षं बाहेरून मिळालं की ते बनवायची सवय मोडते. अशात एकदम थांबवलं तर अंगात त्राणच राहत नाही, आणि ऑपरेशनच्या ताणात तर जिवावर बेततं. पिवळ्या गोळ्यांनी जखम बिघडते असं आढळलेलं नाही, उलट त्या बंद केल्या की आजार उसळतो, आणि उसळलेल्या आजारात नव्या गुडघ्याला व्यायाम कसा द्यायचा?

"तुमची भीती खोटी नव्हती, काका," त्या म्हणाल्या. "ती भीती आम्हालाही असते, म्हणूनच इंजेक्शन थांबवतो. फक्त तुम्ही ती नको त्या गोळीवर काढलीत. पुढच्या वेळी भीती वाटली की मला फोन करायचा. प्रश्न कितीही साधा असला तरी."

सर्जनशी त्यांचं बोलणं झालं होतं. ऑपरेशन रद्द नव्हतं, पुढे गेलं होतं. आधी गोळ्या पूर्ववत, सूज उतरवायला पंधरवड्याचं ते इंजेक्शन एकदा आता. त्यानंतरचं इंजेक्शन यायच्या दिवशी ते घ्यायचं नाही, आणि तो दिवस उलटला की ऑपरेशन. तेव्हा आधीच्या औषधाचा जोर ओसरलेला असतो. टाके निघून जखम कोरडी झाली की मग पुन्हा इंजेक्शन सुरू.

मॅडम गेल्या आणि बाहेरच्या बाकावर घरच्यांची बैठक बसली. दर्शना म्हणाली की यापुढे बाबांनी औषधांना हात लावायचा नाही. सगळ्यांना वाटलं ती आता स्वतःकडे घेईल, नाहीतर आत्याचं नाव काढेल.

"रंजिता देईल," दर्शना म्हणाली. "काल तिने डोकं चालवलं नसतं तर आपण आईला घरीच झोपवून ठेवलं असतं. मीही त्यातलीच."

रंजिताने तिच्याकडे बघितलं. कांता पदराने चष्मा पुसत राहिली, पण विरोध केला नाही. धनेशने वडिलांकडे बघायचं टाळलं. कुशाबाने औषधांचा डबा पिशवीतून काढला आणि सुनेच्या हातात दिला. त्याला हे योग्यच वाटलं. फक्त डबा सोडताना बोटं जरा रेंगाळली.

शेवंतीला हे सांगितलं तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला विचारलंत का कुणी?" ती म्हणाली.

मग तिने सगळ्यांना बाहेर पाठवलं. कुशाबा एकटा खाटेशी राहिला. शेवंती त्याच्याकडे बघत होती. त्याला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही.

"तुम्ही घाबरला होतात, ते मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी काय घाबरले नव्हते? विहीणबाईंचा पाय मीही बघितलाय. दोघं मिळून घाबरलो असतो."

कुशाबा म्हणाला, "तुला आणखी भीती घालायची नव्हती."

"आणि गोळी काढून घेतलीत ती? माझ्या तोंडातली?"

चुकलो, एवढंच तो म्हणाला. शेवंतीने ते ऐकलं आणि मान फिरवली. खिडकीबाहेर पाहत ती पुढे बोलली, सावकाश, जणू स्वतःशी जुळवून बघत.

"इतकी वर्षं मी हात पुढे करायचे आणि तुम्ही ठेवाल ते गिळायचे. काय आहे, कशाला आहे, कधी विचारलं नाही. बरं वाटायचं मला ते. तुम्ही बघताय, म्हणजे मला बघायला नको. आता तसं नाही चालायचं. गोळ्या तुम्हीच द्या. पाकिटं मला फुटत नाहीत, आणि रंजिताने एकटीने काय काय करायचं? पण प्रत्येकीचं नाव सांगायचं, कशासाठी ते सांगायचं, मग मी गिळेन. आणि ऑपरेशन मी करणार. कांतावन्सं काही म्हणू देत, दर्शना काही म्हणू दे."

मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मला कुणाच्या खांद्याशिवाय संडासला जायचंय हो. दुसरं काही नको."

तिने रंजिताला हाक मारून डबा परत मागितला. रंजिता हसली आणि तिने तो सासूच्याच मांडीवर ठेवला, सासऱ्याच्या हातात नाही. सगळ्यांनी ते बघितलं.

त्यानंतरचे दिवस घरात शाळा भरल्यासारखे गेले. कुशाबा धनेशकडून नावं वाचून घ्यायचा, कारण अक्षरं बारीक असायची, आणि मग शेवंतीपुढे म्हणून दाखवायचा. मेथोट्रेक्सेट हे नाव त्या दोघांकडून दर रविवारी नव्याने मोडायचं. शेवंती ते तीनदा म्हणायची, चौथ्यांदा चुकायची, आणि मगच गोळ्या तोंडात टाकायची. एकदा दुखणं वाढल्यावर शेजारच्या चंपाने तिच्याकडची वेदनेची गोळी देऊ केली. शेवंतीने स्वतःच तिला सांगितलं की ऑपरेशनच्या आधी तसल्या गोळ्यांनी रक्त जास्त वाहतं, मॅडमना विचारल्याशिवाय नको. चंपा चकित होऊन गोळी परत घेऊन गेली. इंजेक्शन न घ्यायचा पंधरवडा आला तेव्हा थोडी सूज आली, पण या वेळी ती कशाची हे दोघांना माहीत होतं. रात्री भीती वाटली तर ती आता बोलून दाखवायची, आणि तोही.

कांता मदतीला म्हणून राहायला आली. पहिल्या दिवशी तिने आपला डबा घोडपदेवहून आणला. दुसऱ्या दिवशी रखमाने पाठवलेल्या बोंबलांचं कालवण रंजिताने केलं, आणि कांता ताटावर येऊन बसली. कालवण पुन्हा वाढून घेतलं. त्यावर कुणी काही म्हटलं नाही, आणि कुणी म्हटलं नाही म्हणूनच ते टिकलं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स घोटभर पाणी आणि एक बारकी गोळी घेऊन आली. शेवंतीने हात पुढे केला नाही. "नाव काय हिचं?" तिने विचारलं. नर्सने सांगितलं. शेवंतीने कुशाबाकडे बघितलं, त्याने होकार दिला, तेव्हा तिने गोळी घेतली. मग तिला आत नेलं. दर्शना आणि रंजिता बाहेर एकाच बाकावर बसल्या होत्या. काय बोलत होत्या ते कुशाबाला ऐकू आलं नाही, पण दर्शनाने पर्समधून शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट काढून मध्ये ठेवलेलं दिसलं. सर्जन बाहेर येऊन, सगळं नीट झालं, म्हणाले तेव्हा धनेश भिंतीकडे तोंड करून रडला आणि नंतर डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. जखमा कोरड्या होत्या, ताप नव्हता. कुशाबा, कांता आणि रंजिता खाटेभोवती होते. शेवंतीने दातांवर दात घट्ट धरले, वाकड्या बोटांनी वॉकर पकडला आणि जोर लावला. रंजिता आधार द्यायला पुढे झाली, तर त्या मुलीने तिला थांबवलं. शेवंती उठली. वाटेत थांबली, पुन्हा उठली, आणि उठतच राहिली.

कुशाबा तिच्या समोर होता. इतकी वर्षं तो तिच्याशी बोलायचा तो खाली बघून. खाटेवरच्या तिच्याशी, खुर्चीतल्या तिच्याशी, वाकून चालणाऱ्या तिच्याशी. आता तिची मान वर जात होती तशी त्याचीही जाऊ लागली. पाय सरळ झाले, कंबर सरळ झाली. ती उभी राहिली आणि त्याला तिच्या डोळ्यांत बघायला हनुवटी वर करावी लागली. तो बघतच राहिला. ही बाई आपल्यापेक्षा उंच आहे, हे तो पार विसरून गेला होता. गावी मांडवात अंतरपाट धरला तेव्हा वधू वराच्या वरून दिसते म्हणून सगळे हसले होते, आणि भटजींनी घाईघाईने त्याच्या पायाखाली एक पाट सरकवला होता. तेव्हा तो शरमेने लाल झाला होता. कांता तेव्हा परकर-पोलक्यातली पोर, सगळ्यांत मोठ्याने तीच हसली होती.

आता कांताही बघत होती. तिने डोळे पुसले, एकदा भावाकडे बघितलं, एकदा वहिनीकडे.

"दादा," ती म्हणाली, "पाट आणू काय रे?"

रंजिताला काही कळलं नाही, ती आळीपाळीने तिघांकडे बघू लागली. शेवंतीला मात्र कळलं. तिला हसू फुटलं, हसताना गुडघे दुखले, आणि तरी ती खाली बसली नाही.

"हसवू नका हो वन्सं," ती म्हणाली. "टाके ओढतात."